शिकारखान्यातली शेवटची जोडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात डोंगर फार आणि शेतं थोडी. रानडुकरांचा कळप उतरला की उभं पीक आडवं व्हायचं. त्यांना पिटाळून लावायची ती राजाच्या शिकारखान्यातली कुत्री. लांब पायांची, बारीक कमरेची, वाऱ्याच्या पुढे धावणारी. सात पिढ्यांत त्यांच्या वंशात बाहेरचं रक्त आलं नव्हतं, आणि साऱ्या राज्याला त्याचा अभिमान होता.

सगळ्यांत जास्त अभिमान होता सुभानाला. तो शिकारखान्याचा रखवालदार. आजाने हेच काम केलं, बापाने हेच केलं. दसऱ्याच्या मिरवणुकीत राजाच्या पालखीपुढे कुत्री घेऊन तोच चालायचा. जनावराच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. कुणाला गाय घ्यायची असली तरी लोक आधी ती सुभानाला दाखवत.

पण लहानथोरांनो, सुभानाच्या पोटात एक गोष्ट होती. आजाच्या वेळी एका वेताला आठ पिल्लं व्हायची, बापाच्या वेळी पाच. सुभानाच्या हाताखाली ती दोन-तीनवर आली, आणि तीही किडमिडीत. एका वर्षी तीन पिल्लं झाली ती वाकड्या पायांची. एकही उभं राहू शकलं नाही. सुभानाने ती करंजाच्या झाडाखाली पुरली आणि दरबारात जाऊन सांगितलं, "थंडीनं गेली, महाराज."

राजाने विश्वास ठेवला. न ठेवायला कारणच नव्हतं.

पुढे जुनी कुत्री म्हातारपणाने एकेक करून गेली. उरली दोन. पवळी नावाची कुत्री आणि तुरा नावाचा कुत्रा. दोघं एकाच आईची, एकाच वेताची.

पवळी माजावर आली तेव्हा सुभानाने तुऱ्याला तिच्यापाशी सोडलं. ती गुरगुरली आणि त्याचा कान फोडला. सहा महिन्यांनी पुन्हा सोडलं. या वेळी तुऱ्यानेच तोंड फिरवलं आणि तो कोपऱ्यात जाऊन झोपला. एका ताटात जेवून वाढलेली ती दोघं. त्यांना एकमेकांचं काही वाटत नव्हतं.

त्या सुमाराला डोंगरावर धनगरांचा वाडा उतरला होता. त्यांच्यातली सगळ्यांत जाणती म्हातारी म्हणजे धोंडाई. एकदा ती शिकारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ पवळीकडे बघत राहिली.

"बाबा," ती सुभानाला म्हणाली, "मेंढरांत आमी दर दोन-तीन वर्सांनी नर बदलतो. त्योच त्यो ठेवला तर कोकरं उभी ऱ्हात न्हाईत. तुज्या कुत्रीला बाहेरचं रगत पायजे. माजा कुत्रा दांडगा हाय. घेऊन ये तिला वर."

"राजाची कुत्री धनगरवाड्यावर नेऊ?" सुभाना म्हणाला. "सात पिढ्यांचं नाव बुडवू?"

"नाव ऱ्हाईल रं," म्हातारी म्हणाली. "कुत्री ऱ्हानार न्हाईत."

सुभानाने तिला परत पाठवलं. पण धोंडाई गप्प बसणारी नव्हती. ती सरळ राजाकडे गेली आणि मनातलं सगळं बोलून आली. दुसऱ्या दिवशी राजाने सुभानाला बागेत बोलावलं. जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"म्हातारी म्हणते, आपला वंश थकला आहे," राजा म्हणाला. "मला नावापेक्षा कुत्री हवी आहेत, सुभाना. पवळीला डोंगरावर पाठवायला माझी ना नाही. पण जनावरातलं मला कळत नाही, तुला कळतं. म्हणून तुला विचारतो. आपल्या वंशात काही खोट आहे का?"

आता एका शब्दाचं काम होतं. सुभानाच्या जिभेवर तो शब्द आलासुद्धा. पण 'आहे' म्हणावं तर राजा विचारणार, कधीपासून. मग करंजाखालची पिल्लं वर येणार. मग लोक म्हणणार, सुभाना राजाशी खोटं बोलला.

"खोट नाही, महाराज," तो म्हणाला. "पवळी बुजरी आहे, एवढंच. मला आणखी एक संधी द्या."

"तू म्हणतोस तर ठीक," राजा म्हणाला.

त्यानंतर सुभानाने जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्याने तुऱ्याला नदीपलीकडे, जुन्या चौकीत नेऊन ठेवलं. पाच महिने दोघांना एकमेकांचा वाससुद्धा येऊ दिला नाही. तुऱ्याचं खाणं बेताचं केलं, त्याला रोज टेकडी चढवली. पवळी माजावर आली तशी घाई केली नाही. दहा दिवस थांबला. मग तिलाच चौकीवर नेलं, म्हणजे जागा तिची नसेल आणि ती अंगावर जाणार नाही. आधी दोघांना पट्ट्याने धरून नदीकाठी फिरवलं. मग पट्टे सोडले आणि भिंतीआड जाऊन श्वास रोखून बसला.

पवळी गुरगुरली नाही. जोड लागली.

महिन्याभरात तिचं पोट दिसू लागलं. राजाने गावात साखर वाटली. सुभाना रोज पवळीच्या पोटावर हात ठेवून बसायचा. हाताखाली हालचाल लागली की त्याला वाटायचं, आपण बोललो ते खरंच होतं.

दोन महिने भरले. एका सकाळी पवळीला कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत ती कण्हत होती. पहिलं पिल्लू मेलेलं आलं. दुसरंही मेलेलं. तिसरं जिवंत होतं. सुभानाने ते पुसून आईच्या सडाला लावलं, तर दूध त्याच्या नाकातून बाहेर आलं. त्याने बोटाने तोंड उघडून पाहिलं. टाळू दुभंगलेली होती.

त्याने कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब दूध पाजून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं. पवळीला ताप भरला. पाचव्या दिवशी तिने सुभानाच्या मांडीवर मान टाकली. जीव जाण्याआधी तिने त्याच्याकडे रोज बघायची तसंच बघितलं, भरवशाने. तो भरवसाच सुभानाला सोसवेना.

तो तसाच उठून राजाकडे गेला आणि सगळं सांगितलं. करंजाखालची पिल्लंही सांगितली.

राजा म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, सुभाना."

"होय, महाराज."

"माझी भीती वाटली तुला?"

"नाही. माझा मान जाईल, याची वाटली."

राजाने त्याला शिक्षा केली नाही. एवढंच म्हणाला, "तुरा राहिला आहे. त्याला म्हातारीकडे घेऊन जा, त्यांच्यातली एखादी कुत्री त्याच्यासाठी बघ."

सुभाना डोंगरावर गेला तर वाड्याची जागा मोकळी. धनगर मेंढरं घेऊन घाटापलीकडे गेले होते. तो तुऱ्याला घेऊन त्यांच्या मागावर निघाला. गावोगाव विचारत चालला. चौथ्या दिवशी चढणीवर तुऱ्याचे मागचे पाय लटपटले. सुभानाने त्याला उभं केलं, तो पुन्हा बसला. मग सुभानाने त्याला खांद्यावर घेतलं. पण पायांतली ती वंशातलीच कमजोरी वर वर चढत गेली. घाटमाथा यायच्या आधीच तुरा संपला.

अशी ती कुत्री जगातून गेली. सुभाना परत आला, तेव्हा करंजाखालची गोष्ट गावभर झाली होती, पण कुणी त्याला वाईट बोललं नाही. फक्त त्यानंतर कुणाला गाय घ्यायची झाली तरी ती त्याला दाखवायला कुणी आणली नाही. तो दारात बसलेला असायचा आणि माणसं जनावर घेऊन समोरून निघून जायची.

तात्पर्य: मान राखण्यासाठी जो दोष लपवतो, त्याच्या हातून दोष सुधारायची वेळ जाते आणि मानही जातो.