कर्णिकेचे कुंपण

पूर्वी विंध्याच्या उतरणीवरील वेणुपूर नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरापासून दूर, रानाला टेकलेल्या बोरखेड गावात एका माळ्याच्या घरी जन्माला आले होते. मोठेपणी लोक त्यांना सोमिल माळी म्हणत. कर्णिका नावाच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि दोघांनी गावाच्या अगदी टोकाला, जिथून पुढे नुसते रानच होते, तिथे घर बांधले.

जमीन खडकाळ होती. तिची बाग केली ती कर्णिकेने. बोधिसत्त्व मोट हाकीत, खड्डे खणीत, पाट वळवीत. पण कुठल्या झाडाला कुठे जागा द्यायची, कुणाला सावली मानवते आणि कुणाला ऊन, हे ती ठरवी. तिने नदीची माती टोपल्यांनी वाहून आणली. डाळिंबे लावली, महाळुंग लावले, केळी लावल्या, मोगऱ्याचा ताटवा केला, छपरावर भोपळ्याचे वेल चढवले. विहिरीच्या खालच्या अंगाला सुरणाचा वाफा होता. पाहुणा आला की ती त्याला आधी बाग दाखवी आणि मग पाणी विचारी.

बोरखेडची एक रीत होती. पीक घरात आले की प्रत्येकाने आपल्या आवाराच्या कुंपणावर बोरी-बाभळीच्या फांद्यांचा नवा थर चढवायचा. जुना थर मात्र कधी काढायचा नाही. तो वाडवडिलांच्या हातचा. तो काढला तर घराची राखण करणारे वाडवडीलही उठून जातात, असे सगळे मानत. त्यामुळे कुंपणे वर्षागणिक उंच आणि जाड होत गेली होती. एका घराचे कुंपण पुढच्या घराच्या कुंपणाला भिडले होते, आणि असे करत सारे गाव काट्यांनी एकमेकांना बांधले गेले होते. आतले थर वाळून भुसा झाले होते, पण आत कोण बघतो? लोक उंची बघत. सोयरिकीला आलेली माणसे आधी कुंपण पाहत आणि मग मुलगी.

कर्णिकेचे कुंपण गावात सर्वांत उंच होते आणि तिला त्याचा अभिमान होता. रानातल्या जनावरांशी तिचे उभे वैर होते. त्यातही एका रानडुकरिणीशी तर फारच. एक कान फाटलेली ती डुकरीण दर पावसाळ्यात कुठून तरी वाट काढून आत येई आणि सुरणाचा वाफा नांगर फिरवल्यासारखा उलथून जाई.

"सटवी माझ्या आधी काही मरायची नाही," कर्णिका म्हणायची.

"तिलाही वाटत असेल, ही बाई माझ्या सुरणावर का ठाण मांडून बसलीय," बोधिसत्त्व हसून म्हणायचे.

"तुमचं बरंय. तुम्हाला साऱ्या जगाचं वाटतं. माझं कुणाला वाटायचं?"

यावर ते वाफा नीट करू लागत.

एका वर्षी पावसाने ओढ दिली. गावाच्या आणि रानाच्या मधला नाला माघातच आटला. चैत्र सरता सरता वारा सुटला आणि भर दुपारी डोंगरावर धूर दिसला.

गावाला धुराचे भय नव्हते. वणवा दरवर्षी लागे आणि नाल्यापाशी येऊन विझे. भय होते ते वणव्यापुढे पळत येणाऱ्या जनावरांचे. म्हणून धूर दिसताच गावचा मुखिया भद्रक ओरडत फिरू लागला, "झापे लावा! फटी बुजवा! एक ससासुद्धा आत येता कामा नये!" माणसे आपापल्या आवारात शिरली, काट्यांच्या झाप्यांनी वाटा बंद करून घेतल्या आणि झाप्यांवर आणखी काटे रचू लागली.

कर्णिकाही दुबेळके घेऊन धावली. दुबेळके म्हणजे काटे उचलायची दुफाटी काठी. ती हातात असली की तिला कुणाचे भय वाटत नसे. रानाकडच्या बाजूला एक फट होती, तिथे ती काटे कोंबत होती. तेवढ्यात बोधिसत्त्व आले. त्यांनी कुंपणात हात घालून आतली एक फांदी ओढली. तिचा हातातच भुगा झाला. ते नाल्याकडे बघत राहिले.

"कर्णिके, बुजवू नकोस. हे काढायला हवं."

"ऊन लागलं का तुम्हाला?"

"नाल्यात यंदा पाणी नाही. गुडघाभर पाचोळा साठलाय. आग नाल्याशी थांबायची नाही. ती या काट्यांवर चढेल आणि काट्यांवरून आपल्या छपरावर."

"आणि जनावरं?"

"येतील."

"माझ्या बागेत."

"हो. तुझ्या बागेत. तुडवतील, खातील. मी काही राहील म्हणून सांगत नाही."

कर्णिकेला वाटले होते, हा माणूस निदान खोटा धीर तरी देईल. पण बोधिसत्त्व खोटे बोलत नसत, अगदी बायकोला बरे वाटावे म्हणूनही नाही.

"बाग तू उभी केलीस," ते म्हणाले. "तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही. दोघं विहिरीवर उभे राहू आणि जमेल तेवढं पाणी मारू. पण काय ते लवकर सांग."

तिला त्यांचा रागच आला. त्यांनी हुकूम केला असता तर भांडता तरी आले असते. तिने कुंपणाकडे पाहिले. तिची सासू मरायच्या आधीच्या वर्षी तिच्यासोबत थर चढवायला आली होती. तो थर कुठला, हे तिला अजून ओळखता येत होते. मग तिने बागेकडे पाहिले. डाळिंबांना नुकती कुठे फुले आली होती.

इतक्यात फटीपलीकडे काही हलले. कर्णिकेने वाकून पाहिले. तीच होती. फाटक्या कानाची. तिने काट्यांत मुसंडी मारली होती आणि तिचे थोबाड रक्ताने भरले होते. मागे पिल्ले एकमेकांना चिकटून उभी होती. डुकरिणीने कर्णिकेला पाहिले. एरवी ती पळाली असती. आज पळायला जागाच नव्हती. ती तिथेच धापा टाकत उभी राहिली.

"हिला?" कर्णिका म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "या सटवीला आत घेऊ? हिला?"

कर्णिकेने फटीत कोंबलेल्या काट्यांत दुबेळके खुपसले आणि ते आपल्या अंगाकडे ओढले.

मग दोघे थांबले नाहीत. बोधिसत्त्व कोयत्याने जुन्या थरांची बांधणी तोडत, कर्णिका काटे ओढून बाजूच्या उघड्या कातळावर नेऊन टाकी. काट्यांनी तिचे हात सोलले, लुगडे फाटले. सासूच्या हातचा थर आला तेव्हा ती क्षणभर थबकली. मग तोही ओढला. वाट पडताच डुकरीण पिल्लांसह तिच्या पायाजवळून आत गेली. तिच्यामागे चितळे आली, ससे आले, एक साळिंदर खुळखुळत आले. मोगऱ्याचा ताटवा पहिल्याच लोंढ्यात गेला. कर्णिकेने तिकडे पाठ केली आणि उरलेला पाचोळा जमिनीवरून खरडायला घेतला.

शेजारच्या आवारातून भद्रक हे पाहत होता. त्याचे आणि त्यांचे एका बाजूचे कुंपण सामाईक होते. तो काट्यांपलीकडूनच गरजला, "सोमिल, डोकं फिरलं का तुझं? तुझ्याकडून जनावरं माझ्या उसात शिरतील!"

"भद्रका, तूही काढ. निदान आपलं जोडलेलं कुंपण तरी तोडू. मी येतो मदतीला."

"हात लावून बघ! वाडवडिलांचं कुंपण मोडणाऱ्याला या गावात जागा नाही, सांगून ठेवतो. वहिनी, तुम्ही तरी समजवा या वेड्याला!"

"मला वेळ नाही, भाऊजी," कर्णिका म्हणाली आणि खरडत राहिली.

भद्रक बडबडत परतला आणि त्याने आपल्या झाप्यावर आणखी एक थर रचला.

वणवा नाल्यात उतरला. तिथे तो विझला नाही. पाचोळ्यावर क्षणभर रेंगाळला आणि मोठा होऊन अलीकडच्या काठावर चढला. बोधिसत्त्वांच्या आवारापाशी त्याला उघडी माती लागली. ज्वाळा काठावरच्या गवतात तडतडल्या, रानाच्या बाजूची महाळुंगे होरपळली, ठिणग्या छपरावर उडाल्या. कर्णिका छपरावर चढून भोपळ्याच्या ओल्या वेलांनीच त्या बडवीत होती. पण आगीला पुढे यायला वाट मिळाली नाही. तिला वाट मिळाली ती भद्रकाच्या कुंपणाने. तेलात भिजवलेल्या वातीसारखे ते पेटत गेले, आणि जी माणसे जनावरे बाहेर ठेवायला आत शिरली होती, ती पेटत्या कड्यात कोंडली गेली. झापा पेटला होता. त्यावर त्यांनीच रचलेले काटे धडधडत होते.

भद्रकाच्या बायकोची किंकाळी ऐकू आली तेव्हा बोधिसत्त्वांनी घोंगडी विहिरीत बुचकळून अंगावर घेतली. सामाईक कुंपण एका टोकाला पेटले होते. ते दुसऱ्या टोकाला गेले आणि कोयता चालवू लागले. कर्णिका छपरावरून उतरून दुबेळके घेऊन आली. तिने काही विचारले नाही. ते तोडत होते, ती ओढत होती. भगदाड पडताच बोधिसत्त्व आत शिरले. आधी मुले आली, मग भद्रकाची बायको, मग त्याच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन बोधिसत्त्व आले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. सर्वांत शेवटी भद्रक आला. त्याने घरातून काय वाचवले? भिंतीवरचा भाला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो.

पुढची घरे अजून पेटली नव्हती. त्यांतल्या माणसांनी सोमिलाच्या आवाराकडे पाहिले, आणि एवढा वेळ न सुचलेली गोष्ट त्यांना सुचली. ती आपापली कुंपणे तोडू लागली. वाडवडिलांचे नाव कुणी काढले नाही. दिवस कलायच्या आत आग पुढे सरकायची थांबली. गावातली काही घरे गेली, बरीचशी राहिली. भद्रकाचे घर गेले, ऊस गेला, धान्याची कणगी गेली.

कर्णिकेचे घर राहिले. बागही राहिली, म्हणजे झाडे राहिली. बाकी सगळ्याचा चिखल झाला होता. त्या चिखलात, विहिरीभोवती, चितळे उभी होती, ससे दबून बसले होते, साळिंदर काटे मिटून पडले होते. सुरणाच्या वाफ्यात डुकरीण आडवी झाली होती आणि पिल्ले तिला लुचत होती. त्यांच्यापासून चार हातांवर भद्रकाची आई धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. कोणी कोणाला भीत नव्हते. सगळे एकाच दमाने धापा टाकत होते.

कर्णिका खाली बसली आणि रडली. आपण शहाणपणाने वागलो, हे ठाऊक असूनही ती रडली. बोधिसत्त्व जवळ बसले. हात भाजल्यामुळे त्यांना तिच्या पाठीवरून हात फिरवता येईना. म्हणून त्यांनी नुसता खांदा तिच्या खांद्याला टेकवला.

भद्रक उठला. त्याने एकवार आपल्या जळत्या कणगीकडे पाहिले आणि भाला सरसावला.

"पोरांना खायला काय घालू?" तो म्हणाला. "ही आयती चालून आलीत. डुकरीण एक पडली तरी चार दिवस निघतील. वहिनी, तुमचंही वैरच ना हिच्याशी? एका घावात मिटवतो."

बोधिसत्त्व उठू लागले. पण त्यांच्या आधी कर्णिका उठली होती. डोळे पुसायलाही न थांबता ती वाफ्यात उतरली आणि डुकरिणीच्या आणि भाल्याच्या मध्ये उभी राहिली.

"भाला खाली ठेवा, भाऊजी."

"अहो, रानडुक्कर आहे ते!"

"आज जे माझ्या आवारात आलं ते माझ्या आसऱ्याला आलं. हीही आली आणि तुम्हीही आलात. एकाच कुंपणातून ओढून काढलंय दोघांना. तुम्हाला काढताना मी विचारलं नव्हतं, या माणसाचा माझ्या बागेला उपयोग काय म्हणून. हिला मारायचं असेल तर आधी तुम्ही बाहेर व्हा. पोरं राहतील, तुमच्या आई राहतील. तुम्ही व्हा."

भद्रकाने आईकडे पाहिले. म्हातारी म्हणाली, "बघतोस काय माझ्याकडे? ठेव तो भाला आणि पाणी शेंद."

त्याने भाला खाली ठेवला. विहिरीतून पाणी काढले, आधी आईला दिले, मग मुलांना. मग थोडा घुटमळला आणि उरलेला पोहरा वाफ्यात, डुकरिणीच्या तोंडापुढे ओतला. कर्णिकेने घरातले धान्य काढले, चूल पेटवली. त्या दिवशी भद्रकाचे घर तिच्या ओट्यावर जेवले. रान निवल्यावर जनावरे ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने गेली. जाताना डुकरिणीने दोन सुरण उकरून खाल्लेच. कर्णिकेने तिला शिवी दिली, पण दगड उचलला नाही.

ही पूर्वजन्मीची हकिकत शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात जमलेल्या भिक्षूंना आणि लोकांना सांगितली. जवळच्या एका गावात घरे जळालेल्या परक्या माणसांना कुणी आसरा देईना. एका उपासिकेने मात्र नवऱ्याच्या, शेजाऱ्यांच्या रागाची पर्वा न करता त्यांना आपल्या अंगणात ठेवून घेतले होते. तिचा न्याय करावा म्हणून गावकरी तिला घेऊन आले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रक म्हणजे आज सर्वांच्या पुढे उभा राहून तक्रार सांगणारा तुमचा मुखिया. त्याची आई म्हणजे या विहारातली वृद्ध भिक्षुणी सोणा. ती डुकरीण आणि तिची पिल्ले म्हणजे या बाईच्या अंगणात उतरलेल्या माणसांतली एक माय आणि तिची लेकरे. सोमिल माळी मी होतो. आणि कर्णिका म्हणजे हीच उपासिका, जिचा न्याय करायला तुम्ही आला आहात."

मग ते म्हणाले, "मी त्या दिवशी कुंपण काढले, कारण आग येणार हे मला दिसत होते. पण भाल्यापुढे जाऊन उभी राहिली ती ही. तिथे हिला काहीच मिळायचे नव्हते. भिक्षूंनो, जे आपल्याला आवडते त्याला आसरा कोणीही देतो. ज्याने आपली बाग उकरली त्यालाही देणे, याला अभयदान म्हणतात."

मुखियाने मान खाली घातली. उपासिका मात्र उठून उभी राहिली. शास्त्यांना वंदन करून म्हणाली, "मला आता जायला हवं, भगवन्. घरी पोरं जेवायची आहेत." आणि ती निघाली.