नारूबाईची विहीर

विहिरी माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका गावची पायविहीर भारी अगत्यशील होती. कुणीही पायऱ्या उतरून यावं, पाण्यात पाय सोडून बसावं आणि जाताना घागर भरून न्यावी.

त्या गावातल्या गेनूच्या पायात नारू झाला होता. ही नारूबाई म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक जंत. पिल्लं सोडायची झाली की ती पायाची अशी आग आग करी, की गेनू लंगडत जाऊन विहिरीत पाय बुडवी.

“लाज नाही वाटत?” एकदा विहीर तिच्यावर खेकसली. “तुझी पिल्लं माझ्या पाण्यातून गावाच्या पोटात जातात आणि वर्षभरानं घरोघरी माणसं लंगडतात!”

“माझ्यावर कशाला चिडतेस?” नारूबाई हसली. “मला कुठं पाय आहेत? हा मला स्वतः चालत आणतो आणि तूच म्हणतेस, या, बसा!”

विहिरीला ते फार लागलं. संध्याकाळी गेनूची बायको तुळसा पाण्याला आली, तेव्हा विहिरीनं तिला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाय पेटताच गेनू निघाला, तर तुळसा दारातच उभी.

“अवं, कुठं निघालात? पाय हितं घाला!” तिनं पाण्यानं भरलेलं घंगाळ पुढं सरकवलं.

पाणी लागताच नारूबाईनं पिल्लं सोडली.

“आई, विहीर एवढीशीच?” पिल्लांनी विचारलं.

“उन्हाळा आहे ना, बाळांनो. पाणी आटलं असेल.”

तेवढ्यात तुळसानं घंगाळ उचललं आणि अंगणाबाहेर तापलेल्या फुफाट्यात उपडं केलं.

मग पाणी खरंच आटलं.