डावीकडची थाप

"पण चांगल्या बाजूला का लावताय?"

केतकीचा आवाज जरा चढलाच.

यंत्राच्या खुर्चीत तिचे गुरुजी बसले होते, पखवाजवादक दाजी गुरव. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात जिथे ठेवावा तिथे पडून राहायचा. बिघाड मेंदूच्या उजव्या बाजूला. आणि डॉक्टर नदाफबाईंनी चुंबकाचं वेटोळं धरलं होतं ते डोक्याच्या डाव्या बाजूला.

"मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींना आवरून असतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक दुबळी झाली, की कधीकधी दुसरी फार जोर करते. दुबळीला डोकंच वर काढू देत नाही. म्हणून धडधाकट बाजूला जरा शांत करायचं."

"म्हणजे जे चांगलं चाललंय त्यालाच गप्प बसवायचं?"

"थोडा वेळ."

टक्.

केतकी दचकली. गुरुजींच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला.

"मी नाही हं वाजवला," गुरुजी म्हणाले.

टक्... टक्... टक्...

त्यांनी डोळे मिटले. "लय पक्की आहे बाईची. पण सम कुठेच नाही. आमची केतकी स्पर्धेत वाजवायची, तसं."

डॉक्टर हसल्या. केतकी हसली नाही. ती डाव्या हाताकडे बघत होती.

तो हलला नाही.

"यंत्र हात चालवणार नाही," निघताना डॉक्टरांनी बजावलं. "झाली तर वाट मोकळी होईल. घरी गेल्या गेल्या त्या हाताला काम द्या, त्याच्या सवयीचं. हात परत चालेलच, असा शब्द मी देत नाही."

"कामाचं मी बघते," केतकी म्हणाली.



खरंच, सगळं तीच बघायची. 'ता' हा बोल एकट्या उजव्या हाताचा; 'धा'ला दोन्ही हात लागतात. गुरुजी पखवाजाच्या उजव्या तोंडावर 'ता' वाजवायचे आणि त्याच क्षणी केतकी शेजारून डाव्या तोंडावर थाप द्यायची. पखवाज एक, माणसं दोन, आणि 'धा' अगदी गुरुजींचा. देवळातले लोक म्हणायचे, डोळे मिटले तर कळतसुद्धा नाही. ते ऐकून केतकीची मान ताठ व्हायची.

शनिवारी उत्सवात दोघं तसंच बसणार होती.

घरी आल्यावर तिनं परातीत कणीक घेतली. डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही.

"परात इकडे सरकव."

"मी आहे ना, गुरुजी."

"तेच तर."

तिनं परात सरकवली. गुरुजींनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि पिठात ठेवला. पाणी ओतलं. मग उजवा हात आपल्या मांडीखाली सारला.

बोटं पिठात पडून राहिली...

केतकीचा हात पुढे गेला.

"तुझे पण," गुरुजी म्हणाले. "मांडीखाली."

तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"शनिवारी तू एकटी बसशील."

"माझी थाप चुकली का कुठे?"

"कधीच नाही, पोरी."

"मग?"

"इतकी बरोबर पडायची, की माझा हात मला आठवेनासा झाला." त्यांनी पिठातल्या बोटांकडे पाहिलं. "आज त्या टकटकीत आठवला."

 

ऊन उंबऱ्यावरून सरकलं. करंगळीजवळ पिठाला एक बारीक चीर पडली. बोटानं पडली, की पीठ सुकून, दोघांनाही कळेना. विचारलं कुणीच नाही.

शेवटी गुरुजींनी उजवा हात काढला. कसाबसा गोळा केला, डाव्या तोंडावर थापला. वाकडाच बसला तो. त्यावर डावा हात उचलून ठेवला, जसा पूर्वी असायचा तसा.

आणि उजव्या हातानं वाजवलं.

ता.

मांडीखाली केतकीचा हात उडाला. त्या खुर्चीतल्या अंगठ्यासारखा. तिनं तो दाबून धरला.

ता...

ता...

प्रत्येक 'ता'नंतर गुरुजी मान किंचित डावीकडे कलती करायचे आणि थांबायचे. दाराकडे कान लावून कुणाची वाट बघावी, तसे.

केतकीला राहवेना. 

"गुरुजी... डावीकडे काहीच वाजत नाहीये हो."

"हो," गुरुजी म्हणाले. "तीच माझी बाजू. ऐकू दे."