पाण्याचा चौथा पर्याय

नगराध्यक्ष घोरपडे यांनी ऑनलाइन सर्वेक्षण काढलं. प्रश्न होता, 'नळाला पाणी कसं येतं?' उत्तरं तीनच: छान, भरपूर, जोरदार.

फॉर्म बनवणारी रेवती म्हणाली, "साहेब, 'येतच नाही' हा पर्यायही हवा. मळेवस्तीचे नळ आठ दिवस कोरडे आहेत."

"तीन पुरेत!" साहेब गुरकावले.

रेवतीने भर सभेत त्यांच्या मोबाइलवर एक नमुना फॉर्म पाठवला. 'आपण सभेत डुलकी केव्हा घेता? सुरुवातीला, मध्ये की शेवटी?' उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"अहो, मी डुलकी घेतच नाही! तो पर्याय कुठाय?"

"मळेवस्तीची माणसंही असंच विचारतील, साहेब."

सभागृहात हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना. "घाला बाई चौथा पर्याय," ते म्हणाले, "आणि मळेवस्तीला आजच टँकर पाठवा."