करवंदीच्या जाळीतला बारावा दगड

एका डोंगराला टेकून एक गाव होतं. गावाचं नाव विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही. डोंगर मात्र असा उंच, की माथा बघायचा तर डोक्यावरचं पागोटं मागे पडायचं. त्या माथ्यावर सागाचं दाट रान होतं आणि ते सगळं राणीच्या मालकीचं होतं.

गावाच्या वेशीबाहेर एका जुन्या चिंचेखाली हाडवैदीण बसायची. कुणी माडावरून पडलं, कुणाला बैलाने उडवलं, की आणलंच उचलून तिच्याकडे. तिच्या हाताला असा गुण, की सांधलेलं हाड कुठे मोडलं होतं ते नंतर शोधून सापडायचं नाही. पण डोक्यावर छप्पर नव्हतं हो! कामट्या बांधून माणसाला तीन-तीन महिने हलू न देता झोपवायचं आणि तेही उघड्यावर. पावसाळ्यात कामट्यांचे बंध भिजून सैल व्हायचे, हाड वाकडं जुळायचं. गावात जी पाच-सहा माणसं लंगडत होती, ती सगळी पावसाळ्यातली.

शेवटी तिघं जण राणीकडे गेले. एक शिंपी, एक हलवाई आणि एक कासारीण. तिघांचीही हाडं कधी ना कधी वैदीणबाईने सांधलेली होती.

"बाईसाहेब," शिंपी म्हणाला, "वैदीणबाईच्या घरासाठी बारा तुळया द्या. भिंती आम्ही गावकरी घालू."

राणी न्यायाची होती, पण हाताने घट्ट. ती म्हणाली, "फुकट दिलेल्या लाकडाला लवकर वाळवी लागते. घाम गाळा आणि न्या. गुढीपाडव्याच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत डोंगराला वेढा घालायचा. एका माणसाच्या एका पुऱ्या वेढ्याला एक तुळई. वेढा शिवेच्या बाराही दगडांच्या बाहेरून. अर्धा वेढा मोजायचा नाही. आणि हो, माझे निरोप नेणारे जासूद त्यात पळवायचे नाहीत. धावणं ज्याचं पोटाचं काम नाही, त्याच माणसाने धावायचं."

झालं! गावात नुसती हसाहस. शिंपी जन्मभर मांडी घालून बसलेला, उठताना त्याचे गुडघे कडाकडा वाजायचे. हलवायाचं पोट त्याच्या आधी दारात पोचायचं. कासारीण तेवढी डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडणारी, पण तीही पन्नाशीच्या पुढची. तांबोळी पानाला चुना लावता लावता म्हणाला, "हे तिघं धावणार? मग माझी म्हैस उडणार!"

पण तिघांनी मनावर घेतलं. दसऱ्यापासून रोज पहाटे निघायचे. पहिल्या दिवशी हलवाई ओढ्यापर्यंत गेला आणि तिथेच आडवा झाला. शिंप्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की चार दिवस त्याने उभ्यानेच कपडे शिवले. कासारीण दोघांना रागवायची, घरून ताक आणून पाजायची, आणि पुन्हा उठवायची. दिवाळीला अर्धा वेढा जमला. संक्रांतीला पुरा एक. शिमग्यापर्यंत दिवसात चार वेढे घालायची हिंमत तिघांनाही आली. हलवायाने दोनदा धोतर आवळून घेतलं, आता बोला!

वाट आखली ती शिंप्याने. माप घेणं त्याचंच काम. शिवेचे शेंदूर लावलेले बारा दगड त्याने मोजले आणि वळणावळणावर झुडपांना रंगीत चिंध्या बांधल्या. बाकी दोघं डोळे मिटून त्या चिंध्यांच्या मागे जायचे. शिंप्याचं माप कधी चुकलंय?

आणि पाडव्याला पंधरा दिवस उरले असताना शिंप्याचीच पोर झोक्यावरून पडली. नऊ वर्षांची, आईवेगळी पोर. मांडीचं हाड मोडलं. वैदीणबाईने कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "चार महिने हिला इथून तसूभर हलवायचं नाही."

चार महिने म्हणजे पाऊस येणारच होता. शिंप्याने बोटांवर मोजून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो बाकीच्या दोघांच्या आधी डोंगराकडे निघाला.

पाडवा उजाडला. राणी वेशीलगतच्या वाड्याच्या गच्चीत येऊन बसली. तिचा कारभारी वेढे मोजायला वेशीपाशी मांडी घालून बसला. ज्यांनी हसून घेतलं होतं ते सगळे बघायला जमले. पोर चिंचेखाली पडल्या पडल्या मोजत होती. वाट चिंचेवरूनच वेशीकडे जायची, म्हणून जो येईल त्याच्या नावाने ती करवंटीत एक चिंचोका टाकायची.

चैत्राचं ऊन ते. पण तिघं थांबायला तयार नव्हते. पहिला वेढा झाला, दुसरा झाला. गर्दीतली थट्टा हळूहळू बंद पडली. तिसऱ्या वेळी कासारीण चिंचेवरून गेली तेव्हा लोक आपोआप उठून उभे राहिले. हातातल्या बांगड्या तिने कधीच काढून कनवटीला लावल्या होत्या.

तिच्या मागे शिंपी होता. डोंगराच्या मागल्या अंगाला ओढ्याजवळ त्याच्या पायात काटा गेला. सावलीला म्हणून तो करवंदीच्या जाळीत शिरला आणि आत एका धोंड्यावर बसला. काटा काढून उठताना हात टेकला तर तळवा तांबडा झाला. शेंदूर!

शिंप्याने फांद्या बाजूला केल्या. धोंड्यावर चंद्र-सूर्य कोरलेले होते. शिवेच्या प्रत्येक दगडावर असतात ना, तसेच. म्हणजे हा बारावा दगड. मग ओढ्याकाठी आपण बारावा म्हणून मोजला तो कोणता? तो धावत ओढ्यावर गेला. तिथे शेंदूर फासलेला म्हसोबा मजेत बसला होता. त्याच्यावर ना चंद्र, ना सूर्य.

 सहा महिने तिघंही दगडाच्या आतून धावत होते. घटकाभराची वाट प्रत्येक वेढ्यात वाचत होती. आजचा एकही वेढा पुरा नव्हता.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. जाळी इतकी दाट, की कुणाला सापडायचा नाही हा दगड. 'आणि हे काय मी माझ्या चैनीसाठी करतोय?' तो मनाशी म्हणाला. 'मोडलेल्या माणसांसाठी करतोय. माझ्या पोरीसाठी करतोय.' त्याने फांद्या पुन्हा दगडावर ओढल्या आणि तो पळत सुटला. खोटं कशाला सांगू, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

चिंचेपाशी पोर त्याची वाटच बघत होती. "बाबा, आठवा वेढा!" तिने चिंचोका वर धरला. "आता चारच राहिले!"

शिंप्याचे पाय जागीच थांबले. "तो टाकू नकोस, बाळे," तो म्हणाला.

"का? पाय दुखतायत?"

"माप चुकलंय माझं."

"मग उसवा की," पोर सहज म्हणाली. शिंप्याच्या घरातच वाढलेली ती.

"अंगरख्याचं नाही गं, वाटेचं चुकलंय. उसवलं तर सगळंच जाईल. तुझ्या डोक्यावरचं छप्पर जाईल."

 पोरीने वर चिंचेच्या फांद्यांकडे पाहिलं. तिथून आभाळ लख्ख दिसत होतं. 

"बाबा, तुम्हीच म्हणता ना, चुकीच्या मापाचं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही," असं म्हणून तिने करवंटी जमिनीवर पालथी केली. आणि मग रडली. लहानच ती. छप्पर कुणाला नको असतं?

शिंप्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तो वेशीकडे गेला. तिथे कासारीण पाणी पीत होती. तेवढ्यात हलवाईही धापा टाकत पोचला. शिंप्याने दोघांना सगळं सांगितलं.

"अरे देवा! साडेसाती आहेस का रे आमची?" हलवाई खाली बसला. "कुणी बघितलं तुला? नाही ना? मग तोंडात पेढा घाल आणि गप्प बस! म्हसोबाची शपथ, मी नाही बोलणार."

"त्याची शपथ नको," शिंपी म्हणाला. "त्याच्यामुळेच घोळ झालाय."

 कासारणीने पदराने तोंड पुसलं. "हलवाईभाऊ, वैदीणबाईने तुमचा कोपर सांधला तेव्हा एक गाठ कमी मारली होती का? शिंपीदादा, चला. मीही येते कारभाऱ्याकडे."

हलवाई कुरकुरत उठला. पण उठला, आणि त्यांच्या मागून गेला.

शिंप्याने सगळ्या गावासमोर सांगितलं. म्हसोबापासून चंद्र-सूर्यापर्यंत काही लपवलं नाही. कारभाऱ्याने वर गच्चीकडे पाहिलं.

"रद्द," राणी म्हणाली. "सगळे वेढे रद्द." मग तिने सूर्याकडे पाहिलं. "दिवस अजून मावळलेला नाही."

दिवस होता एका वेढ्यापुरता. तिघांना मिळून फार तर तीन तुळया. त्यात घर कसलं, गोठाही होत नाही. पण तिघं वळले आणि पुन्हा डोंगराकडे निघाले. शिंप्याचा काट्याचा पाय सुजला होता, हलवायाला चालताही येत नव्हतं. गर्दी त्यांच्या पाठी बघत होती.

आणि तांबोळ्याने पानाचा डबा मिटला. "धत् तिच्या!" तो म्हणाला. "मी काय जासूद आहे?" त्याने धोतर खोचलं आणि तो निघाला.

मग कुंभारीण निघाली, हाताला ओली माती तशीच. पिंजारी निघाला. सगळ्यात जास्त हसणारे शाळेचे पंतोजी काठी टाकून निघाले. बघता बघता सगळी वाट माणसांनी भरली. सराव कुणाचाच नव्हता. कुणी ओढ्यापर्यंत जाऊन बसलं, कुणी अर्ध्यातून परतलं. पण बरीच जणं चालत राहिली, पळत राहिली. करवंदीच्या जाळीला बाहेरून वळसा घालताना कुणीतरी फांद्या मोडून दगड उघडा केला. त्याच्यापाशी आलेला प्रत्येक जण हात लावून पुढे जाऊ लागला.

चिंचेखालून पोर बघत होती. एवढा थोरला डोंगर आणि त्याच्या कमरेला माणसांची हलती रांग!  वैदीणबाई म्हातारी, जन्मभर लोकांची हाडं बघितलेली. तीही हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई बाई बाई! एवढी शाबूत माणसं मी एका वेळी कधी बघितली नव्हती गं."

सूर्य डोंगराला टेकला तशी माणसं यायला लागली. कासारीण आली. तांबोळी आला, येऊन ओकला, आणि हसला. हलवाई आला, दोघांनी धरलेला पण आपल्या पायांवर. चिंचोके संपले, पोर खडे टाकू लागली.

सूर्याची शेवटची कड उरली तेव्हा एक लंगडा गुराखी वळणावर दिसला. त्याचं हाड कधीच वाकडं जुळून बसलं होतं. नव्या घराचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. तरी तो आला, एकेक पाऊल ओढत, दात आवळून. त्याने वेस ओलांडली आणि सूर्य मावळला. एकविसावा वेढा.

राणी गच्चीवरून खाली उतरली होती. तिने पायातले जोडे काढले आणि अनवाणी मातीत उभी राहिली. 

आणि शिंपी? तो त्यानंतर आला. सुजलेला पाय टेकवत, संधिप्रकाशात. कारभारी खाली मान घालून म्हणाला, "शिंपीदादा, तुमचा वेढा मोजता येत नाही हो."

"नकाच मोजू," शिंपी म्हणाला. तो तिथेच बसला आणि मोठ्याने हसायला लागला. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं.

एकवीस तुळया उतरल्या. पोर निजली होती तिथेच, तिच्याभोवती घर झालं, शिवाय ओसरीही झाली. पाऊस आला तेव्हा पोर आत कोरडी झोपलेली होती. त्या घरात शिंप्याच्या नावाची एकही तुळई नाही.

पुढच्या पाडव्याला पोर स्वतःच्या पायांनी डोंगराला वेढा घालून आली, जराही न लंगडता. बाराव्या दगडापाशी थांबली, तिने त्याला हात लावला. तेव्हापासून तिथे तशी रीतच पडली. इतके हात लागतात, की त्या दगडावर पुन्हा कधी करवंदी वाढलीच नाही.

तात्पर्य काय, तर चांगल्या कामालाही चुकीचं माप चालत नाही. आपली चूक आपण चारचौघांत उसवावी, पुन्हा शिवायला किती हात येतील ते मोजायची काळजी करू नये.