वेशीबाहेरची मासळी

पुष्कळ वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणजोबांनाही जी गोष्ट ऐकूनच ठाऊक असेल अशा काळी, एका राजधानीच्या वेशीबाहेर नदीकाठी भोई लोकांची वस्ती होती. नदी मासळीने भरलेली आणि वस्तीतली पोटं मात्र रिकामी, असा तिथला प्रकार.

राजा मनाने वाईट नव्हता. हे लोक इतके गरीब का, असा प्रश्न त्याला एकदा पडला. शोध घ्यायला त्याने दरबारातले सर्वांत विद्वान शास्त्रीबुवा पाठवले.

शास्त्रीबुवा स्नान-पूजा आटोपून, ऊन चांगलं तापल्यावर, पालखीतून वेशीपाशी येत. बाहेर भोई बायका-पुरुष मासळीच्या पाट्या पुढ्यात घेऊन बसलेले असत. शास्त्रीबुवा विचारत, काय करता? लोक सांगत, बसलोय. ते तसंच लिहून घेत.

त्यांत एक भोईण होती. नवऱ्याला नदीने पुरात नेलेलं. मागे एक होडी आणि ती चालवणारा धाकटा दीर, एवढाच तिचा आधार. का बसलोय तेही विचारा की, असं ती पुढे होऊन म्हणाली. विचारलं तेवढंच बोल, असं शास्त्रीबुवांनी तिला बजावलं.

का बसत होते, ते मी सांगतो. दुपार होईपर्यंत मासळी वेशीच्या आत आणायची नाही, असा तिथला नियम होता. कुठल्याशा जुन्या राजाला सकाळी मासळीचा वास सोसत नसे, म्हणून त्याने तो केलेला. तो राजा कधीच मातीत मिसळला, नियम मात्र ठणठणीत राहिला. पहाटे पकडलेली मासळी दुपारी आत जाई, तोवर घरोघरी जेवणं उरकलेली आणि मासळी मऊ पडलेली. मूठभर धान्यावर ती देऊन टाकायची, नाहीतर काठावर पुरायची. भोयांना याची इतकी सवय झाली होती, की आपल्या गरिबीला तेही नशीबच म्हणत.

पंधरा दिवसांत शास्त्रीबुवांनी नऊ अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात वस्तीतल्या आळशांची नावंही क्रमाने मांडली. गरिबीचं कारण आळस. उपाय असा, की होड्या जप्त कराव्यात, धडधाकट माणसं दगडाच्या खाणीवर धाडावीत म्हणजे अंगाला कामाची सवय लागेल, आणि म्हाताऱ्यांना राजवाड्यातून तांदूळ द्यावेत. राजाने मान डोलावली. पौर्णिमेपासून अंमल होणार, अशी दवंडी पिटली गेली.

भोईणीच्या अंगाचा तिळपापड झाला. होडी जाणार, दीर खाणीवर जाणार, अख्खी वस्ती उठणार, आणि वर नाव आळशी. पौर्णिमेला चारच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पाटी डोक्यावर घेतली आणि सरळ वेशीतून आत शिरली. असं आजवर कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे पहारेकरी बघतच राहिले. ते भानावर येऊन धावेपर्यंत तिची पाटी रिकामी झाली होती. पाटीतली मरळ मासळी अजून तडफडत होती, घरोघरच्या बायांनी सुपं भरभरून ज्वारी ओतली. महिनाभरात मिळत नसे तेवढं धान्य तिला एका सकाळी मिळालं.

तिला दरबारात उभं केलं, तेव्हा तिने ते धान्य राजापुढे ठेवलं. शास्त्रीबुवा म्हणाले, एका कष्टाळू बाईवरून वस्तीची परीक्षा होत नाही. ते काही खोटं बोलत नव्हते. पण भोईण मागे हटली नाही.

"मग तुमच्या पोथीत सगळ्यांत ऐदी म्हणून ज्याचं नाव लिवलंय, त्याला उद्या उजाडताच आत सोडा," ती म्हणाली. "आन् तुमी माझी पाटी घिऊन दुपारपातुर भायेर बसा."

राजाला तिची दया आली. तुझा गुन्हा माफ केला, दोन पोती तांदूळ घे आणि घरी जा, असं त्याने सांगितलं.

"तांदूळ नको, म्हाराज. सकाळच्या मासळीला येस उघडा. न्हाईतर मला आधी खाणीवर धाडा. पर आळशी म्हणून न्हाई. तुमच्या नियमाला आडवी आले म्हणून धाडलं, असं लिवा."

शेवटी राजाने परीक्षा मान्य केली.

पोथीत पहिलं नाव होतं तिच्या धाकट्या दिराचंच. तो जांभया देत आत गेला आणि उन्हं छपरांवर यायच्या आत रिकामी पाटी घेऊन परतला. शास्त्रीबुवा डोक्याला उपरणं गुंडाळून वेशीबाहेर बसले. माश्या घोंगावू लागल्या. एक व्यापारी आत जाताना सोबत्याला म्हणाला, "हे लोक बघा. दिवस एवढा वर आला तरी नुसते बसलेत." का बसलो आहे ते सांगायला शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं, पण व्यापारी पुढे निघून गेला होता.

दुपारी मासळीला वेस मोकळी झाल्यावर त्यांनी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. एक मासा खपला नाही. संध्याकाळी त्यांनी ती वास मारणारी पाटी राजापुढे ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, "महाराज, पहाटेपासून राबतोय. हाती काही नाही."

त्याच दिवशी जुना नियम मोडीत निघाला आणि ग्रंथातले नऊही अध्याय रद्द झाले. होड्या जिथल्या तिथे राहिल्या. दोन-चार वर्षांत भोयांच्या झोपड्यांवर कौलं चढली. भोईणीला कुणी बक्षीस दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. पण ज्या पौर्णिमेला होड्या जप्त व्हायच्या होत्या, त्या सकाळी सगळी वस्ती पाट्या घेऊन वेशीतून आत गेली आणि ती सर्वांत पुढे होती.

म्हणून, लहानथोरहो, गरिबाच्या अंगात खोट शोधण्याआधी, त्याला कुठल्या दाराबाहेर थांबवून ठेवलं आहे ते पाहावं.