गवंड्याने रचलेली रास

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला, दाट रानात, देवीचं ठाणं होतं. तिथली दारं वर्षातून एकच दिवस उघडत आणि सूर्य मावळला की लागत. लोक कुठून कुठून, कित्येक दिवस पायी चालत येत.

रानात जागोजाग वाटा फुटत. तरी कुणी चुकत नसे, कारण या यात्रेची एक रीत होती. जिथे वाट फुटे, तिथे खऱ्या वाटेच्या तोंडाशी दगडांची रास असे. जाणाऱ्याने तिच्यावर एक दगड ठेवायचा. रास विस्कटलेली दिसली, तर नवी रचायची. आणि आपण चुकीच्या वाटेवर रास रचली असं पुढे कळलं, तर कितीही लांब गेलेलो असलो तरी मागे येऊन ती मोडायची.

एका वर्षी या यात्रेला एक म्हातारा गवंडी निघाला, सोबत त्याचा मुलगा. मुलगाही बापाच्या हाताखाली तयार झालेला गवंडीच. लहानपणी तो बांधकामावरच्या उंच परांचीवरून पडला होता आणि दोन दिवस शुद्धीवर आला नव्हता. तेव्हा बाप देवीला नवस बोलला होता की, पोर वाचलं तर पायी येऊन तुझ्या दारात दिवा लावीन. पोर वाचलं आणि कामाच्या रगाड्यात नवस राहून गेला. देव काही दारात येऊन तगादा लावत नाही, तेव्हा माणसंही निवांत असतात. आता मात्र म्हाताऱ्याला चार पावलांत धाप लागायची. पुढचं वर्ष आपल्याला दिसेल, याची त्याला खात्री नव्हती.

शेवटच्या मुक्कामावर उजाडलं, तशी मुलाची चुळबुळ सुरू झाली. देवळात जो सगळ्यांत आधी पोहोचेल, त्याला मानाचा फेटा बांधत. गावात तो फेटा मिरवावा, असं त्याच्या फार मनात होतं. बापाने ते ओळखलं. तू हो पुढे, मी राशी बघत बघत येतो, असं तो म्हणाला. खांद्याला तेलाची बुधली अडकवून तो सावकाश निघाला आणि मुलगा झपाझप पुढे गेला.

उन्हं वर येता येता मुलगा एका फाट्यापाशी आला. तिथली रास रानडुकरांनी पार उधळून टाकली होती. दगड दोन्ही वाटांवर पसरले होते. त्याने घटकाभर अंदाज घेतला, उजवी वाट धरली आणि तिच्या तोंडाशी नवी रास रचली. घाई होती, तरी हाताचं वळण सुटत नाही. रास अशी देखणी आणि भक्कम झाली की त्यालाच कौतुक वाटलं.

बरंच चालून गेल्यावर वाट संपली. समोर उभा कडा होता आणि खाली, खोल, खरी वाट दिसत होती.

मुलगा मटकन खाली बसला. मागे जाऊन रास मोडायची, तर फेटा हातचा गेला. कड्याला झाडांची मुळं लोंबत होती. दमाचा माणूस त्यांना धरून उतरू शकला असता. बाप काही उतरू शकला नसता, हे त्याला कळत होतं. पण आबांचा जन्म डोंगरात गेला, ते कसले चुकतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. अशी समजूत घालायला फार वेळ लागत नाही. तो मुळं धरून उतरला.

देवळात तो पहिला पोहोचला. पुजाऱ्याने फेटा बांधला. मग तो पायरीवर बसून राहिला. दुपार झाली, दुपार टळली, तरी वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

सूर्य टेकता टेकता माणसांचा एक घोळका धापा टाकत आला. कुणा मेल्याने खोट्या वाटेवर रास रचली म्हणून ते शिव्याशाप देत होते. सगळे कड्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. एक म्हातारा तेवढा फाट्यावर थांबला, मागून येणारे फसू नयेत म्हणून ती रास मोडत बसला, असं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याच्या खांद्याला तेलाची बुधली होती का, असं मुलाने विचारलं. होती, असं ते म्हणाले.

मुलगा धावत सुटला. अर्ध्या वाटेत त्याला दारं लागल्याची घंटा ऐकू आली.

म्हातारा फाट्यावरच बसला होता. रास मोडून झाली होती आणि डाव्या वाटेच्या तोंडाशी नवी रचून झाली होती.

"लागली का दारं?" त्याने विचारलं.

मुलाने मान हलवली. खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "कुणी रचली असेल हो आबा ती रास?" तो म्हणाला.

"मी इथं आलो, तेव्हा जरा घुटमळलोच," म्हातारा म्हणाला. "मन म्हणत होतं, वाट डावीकडची असावी. मग रास बघितली. बसका दगड खाली, सांध्यावर सांधा कुठं येऊ दिलेला नाही. म्हटलं, हा तर आपल्या पोराचा हात. मग कशाला शंका घ्यायची? निर्धास्त गेलो बघ त्या वाटेनं."

मुलगा त्याच्या पायाशी बसून रडला. म्हाताऱ्याने खांद्यावरची बुधली काढून त्याच्या हातात दिली आणि मुलाला तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी दारं उघडली, तेव्हा तेलाची बुधली घेऊन मुलगा एकटाच आला.

तात्पर्य : आपली चूक कळली की, मागून येणारा तिच्यावर विसंबण्याआधी, ती आपल्याच हाताने मोडावी.